वाचकांचे प्रश्न : विषाणूंची घडण आणि त्यांची कुळे

गेल्या अंकात विषाणूजन्य साथींविषयी लेख आल्यानंतर निपाणी, हुक्केरी, खानापूर, चिकोडी आणि बेळगाव शहर या भागांतून बरीच पत्रे आली. बहुतेक पत्रांचा रोख औषधाकडे आहे. परंतु कोणती लस चालेल, साबण पुरेल की नाही, फवारणी करावी की करू नये, हे विषाणू बाहेरून कसा घडलेला आहे आणि आत काय बाळगतो यावर अवलंबून असते. म्हणून या खेपेस सर्व उत्तरे त्याच अंगाने दिली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या तंबाखूत दरवर्षी काही झाडांच्या पानांवर फिकट आणि गडद हिरवे पट्टे पडतात. त्याला मोझॅक म्हणतात आणि हा विषाणूचा रोग असल्याने फवारणीचा उपयोग नाही, असे सांगितले जाते. शेजारच्या मिरचीवर बोकड्या आला तर मात्र फवारणी करायला सांगतात. तोही विषाणूच असेल तर हा फरक कशामुळे? आणि विषाणू म्हणजे नेमके काय असते? — एक तंबाखू उत्पादक, निपाणी

उत्तर : ज्या पानाबद्दल आपण विचारले आहे, त्याच पानावर विषाणूशास्त्राचा जन्म झाला. १८८६ मध्ये आडोल्फ मायर यांनी नेदरलँड्समध्ये रोगट पानाचा रस निरोगी झाडाला लावून रोग पसरतो हे दाखवले. १८९२ मध्ये रशियातील दिमित्री इव्हानोव्स्की यांनी हा रस चिनी मातीच्या अशा गाळणीतून गाळला की जिच्यातून जिवाणू पलीकडे जाऊ शकत नाहीत. तरीही गाळलेल्या रसाने रोग झालाच. १८९८ मध्ये बायजेरिंक यांनी, हा जिवाणू नव्हे, जिवंत पेशीतच वाढणारे काही निराळेच आहे, असे ठामपणे मांडले. १९३५ मध्ये अमेरिकेत वेंडेल स्टॅन्ली यांनी या विषाणूचे चक्क स्फटिक करून दाखवले आणि त्यासाठी त्यांना १९४६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. साखरेसारखा स्फटिक होऊन बाटलीत पडून राहणारा आणि पानाला लावताच पुन्हा वाढू लागणारा पदार्थ सजीव म्हणावा की निर्जीव, हा वाद तेव्हापासून सुरू आहे; तो सोडवल्यावाचून विषाणूंचे काही अडलेले नाही.

हा विषाणू म्हणजे सुमारे ३०० नॅनोमीटर लांबीची आणि १८ नॅनोमीटर जाडीची एक ताठ, आतून पोकळ नळी असते. एका मिलिमीटरच्या अंतरात अशा तीन हजारांहून अधिक नळ्या टोकाला टोक लावून बसतील. नळीची भिंत एकाच प्रकारच्या प्रथिनाच्या सुमारे २,१३० प्रतींनी बनलेली असून त्या मळसूत्राच्या आट्यांप्रमाणे फिरत वर चढतात. आट्यांच्या मधल्या खोबणीत आरएनएचा, म्हणजे विषाणूची आनुवंशिक माहिती बाळगणारा, एकच लांब धागा बसवलेला असतो. त्यात सुमारे ६,४०० न्यूक्लिओटाइड (धाग्याचे दुवे) असतात, म्हणजे प्रत्येक प्रथिनाच्या वाट्याला बरोबर तीन येतात. वजनाने पाहिले तर जवळजवळ ९५ टक्के प्रथिन आणि ५ टक्के आरएनए, एवढाच सगळा संसार. त्यात पेशी नाही, पचन नाही, श्वसन नाही.

एकच प्रथिन हजारो वेळा वापरण्यामागे कारण आहे. इतक्या आखूड धाग्यावर मोजक्याच प्रथिनांच्या कृती लिहिता येतात. तेव्हा मोठे कवच उभारायचे तर एकच घटक पुन्हा पुन्हा लावण्यावाचून गत्यंतर नसते. हा विचार क्रिक आणि वॉटसन यांनी १९५६ मध्ये मांडला. असे सारखे घटक जुळवण्याच्या दोन किफायतशीर तऱ्हा आहेत. पहिली तंबाखूच्या विषाणूची, म्हणजे मळसूत्री. दुसरीत वीस त्रिकोणी पृष्ठे आणि बारा शिरोबिंदू असलेले विंशतिफलक कवच तयार होते. १९६२ मध्ये कॅस्पर आणि क्लुग यांनी या दुसऱ्या तऱ्हेचे गणित सोडवले. कवच लहान असो वा मोठे, पंचकोनी जोडण्या बाराच राहतात आणि आकार वाढेल तशा षट्कोनी जोडण्यांची भर पडत जाते. काळ्या-पांढऱ्या फुटबॉलवरचे काळे पंचकोन मोजून पाहिले तर तेही बाराच भरतील.

मिरचीचा बोकड्या आणि टोमॅटोचा चुरडा-मुरडा हे पाने आकसवणारे रोग घडवणारे विषाणू या दुसऱ्या तऱ्हेचे आहेत, पण त्यांचा थाट आगळा आहे. दोन अपुरी विंशतिफलके एकमेकांना चिकटून जुळ्यासारखा एक कण तयार होतो, म्हणून या कुलाला जेमिनीव्हिरिडी म्हणतात. या जुळ्या कणाची लांबी ४० नॅनोमीटरही भरत नाही आणि आत आरएनएऐवजी एकेरी धाग्याच्या डीएनएचे कडे असते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. बोकड्याचा विषाणू पांढऱ्या माशीखेरीज शेतात फिरू शकत नाही; ती आपली सुईसारखी सोंड पानाच्या शिरेतील रसवाहिनीपर्यंत खुपसते आणि विषाणू थेट तेथे पोहोचवते. फवारणी सांगतात ती माशीसाठी. झाडात शिरलेल्या विषाणूला मारणारी फवारणी कोणत्याच पिकासाठी नाही. तंबाखूच्या मोझॅकला माशीची गरज नसते. शेंडे खुडताना आणि बगलेतील फुटवे काढताना मजुराच्या नखाला रोगट झाडाचा रस लागतो आणि तेच नख पुढच्या झाडाला लागले की काम झाले. त्या ताठ नळीचे कवच इतके टिकाऊ असते की वखारीत वाळवून ठेवलेल्या पानातही विषाणू वर्षानुवर्षे रोगकारक राहतो. त्यामुळे तंबाखू मळून तोंडात टाकणाऱ्या किंवा विडी ओढणाऱ्या माणसाने त्याच हाताने मिरची-टोमॅटोची रोपे लावली तर तीही बाधित होऊ शकतात. रोगट झाडे आधी उपटून घ्यावीत, खुडणी निरोगी ओळींकडून रोगट ओळींकडे करावी आणि मध्ये मध्ये साबणाने हात धुवावेत; साय काढलेल्या दुधात हात बुडवण्याचा उपायही चालतो, कारण दुधातील प्रथिनांमुळे विषाणूचा शिरकाव रोखला जातो.

प्रश्न : दहावीच्या वर्गात पाच सृष्टींचे वर्गीकरण शिकवताना मुलांनी विचारले की यात विषाणू कोठे बसतात. विषाणूंचे वर्गीकरण नेमके कोणत्या कसोट्यांवर होते? — एक शिक्षिका, खानापूर

उत्तर : पाच सृष्टींची मांडणी १९६९ मध्ये व्हिटेकर यांनी केली आणि तिचा पाया पेशी हा आहे: पेशीत केंद्रक आहे का, भित्तिका आहे का, अन्न कसे मिळवले जाते. विषाणूला पेशीच नसल्यामुळे या प्रश्नपत्रिकेला तो बसूच शकत नाही. दुसरी अडचण याहून खोल आहे. जिवाणूपासून वडापर्यंत आणि वडापासून माणसापर्यंत सर्व सजीवांत प्रथिने घडवणारे रायबोसोम आहेत, त्यांची जनुके ताडून पाहून सर्वांचा एक वंशवृक्ष काढता येतो. सर्व विषाणूंत समान असे एकही जनुक नाही. म्हणजे त्यांचा एकच मूळपुरुष मानता येत नाही.

त्यामुळे सुरुवातीची नावे सोयीची होती. कोठे रोगावरून, कोठे गावावरून, कोठे पिकावरून नाव पडले. १९३९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तंबाखूच्या विषाणूचे पहिले चित्र मिळाले आणि आकारावरून तुलना करणे शक्य झाले. १९६२ मध्ये ल्वोफ, हॉर्न आणि तूर्निए यांनी चार कसोट्या सुचवल्या: आत डीएनए आहे की आरएनए, कवच मळसूत्री की विंशतिफलक, त्यावर आणखी आवरण आहे की नाही आणि मापे किती. १९६६ मध्ये मॉस्को येथे भरलेल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांच्या परिषदेत नावे ठरवणारी आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. तीच पुढे विषाणू वर्गीकरणाची आंतरराष्ट्रीय समिती म्हणून ओळखली जाऊ लागली.

वर्गात शिकवायचे असेल तर माझ्या मते १९७१ मध्ये डेव्हिड बाल्टिमोर यांनी सुचवलेली मांडणी सर्वांत उपयोगी आहे, कारण ती पाठ करावी लागत नाही, तर्काने उलगडते. पेशीतील रायबोसोम फक्त एकाच प्रकारची चिठ्ठी वाचतो, ती म्हणजे संदेशवाहक आरएनए. प्रत्येक विषाणूला कोणत्या ना कोणत्या वाटेने ही चिठ्ठी रायबोसोमपुढे ठेवावीच लागते. वाट कोणती, यावरून गट ठरतो. देवी किंवा नागिणीच्या विषाणूकडे आपल्यासारखाच दुहेरी धाग्याचा डीएनए असतो, तो पहिला गट. एकेरी धाग्याच्या डीएनएचा दुसरा गट, ज्यात वर सांगितलेला बोकड्या आणि कुत्र्यांचा पार्व्हो येतो. लहान मुलांना जुलाब करणारा रोटा विषाणू दुहेरी धाग्याच्या आरएनएचा, तो तिसरा.

चौथा आणि पाचवा गट मुलांना समजावून सांगण्यासारखे आहेत. दोन्हींत एकेरी आरएनए असतो, परंतु चौथ्या गटात तो धागा म्हणजे स्वतःच वाचता येणारी चिठ्ठी असते. पोलिओ, डेंग्यू, कोरोना आणि तंबाखूचा मोझॅक हे सर्व येथे येतात. पाचव्या गटात तो धागा चिठ्ठीची उलटी प्रत असतो, जी रायबोसोमला वाचता येत नाही. रेबीज, गोवर आणि इन्फ्लुएंझा यांचे विषाणू या गटातले. आता याचा पुरावा पाहा. १९५६ मध्ये गीरर आणि श्राम यांनी तंबाखूच्या विषाणूचे प्रथिन पूर्ण काढून टाकले आणि नुसता आरएनए पानावर चोळला. पानाला रोग झाला. रेबीजच्या विषाणूचा नुसता आरएनए पेशीत घातला तर काहीच होणार नाही, कारण उलट्या प्रतीवरून सुलटी प्रत करणारे विकर (एन्झाइम) पेशीत नसते. रेबीजचा विषाणू ते आपल्या कवचात घालून बरोबरच आणतो. सहाव्या गटात एचआयव्ही आहे, जो आरएनएवरून डीएनए करतो. हे उलटे काम करणारे विकर १९७० मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधून काढले आणि १९७५ च्या नोबेलमध्ये डल्बेको यांच्यासह दोघांचा वाटा होता. हेपटायटिस बीसाठी सातवा गट मागाहून जोडला गेला.

मुलांचा एक गैरसमज मात्र आधीच दूर करावा. एका गटात आले म्हणजे भाऊबंद झाले, असे नाही. डेंग्यू आणि तंबाखूचा मोझॅक दोघेही चौथ्या गटात आहेत, पण जवळचे नातेवाईक नाहीत. नात्यांचा हिशेब आंतरराष्ट्रीय समितीच्या पंधरा पायऱ्यांच्या मांडणीत ठेवला जातो. सर्वांत वर रेल्म, नंतर सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती (जीनस) आणि शेवटी जाती (स्पीशीज), शिवाय मधल्या उपपायऱ्या. २०२१ पासून जातींना वनस्पती-प्राण्यांप्रमाणे दोन शब्दांची नावे देण्याचा नियमही झाला आहे. रेबीजची जाती लिसाव्हायरस रेबीज, कुल ऱ्हॅब्डोव्हिरिडी, रेल्म रायबोव्हिरिया. पंधराही पायऱ्या शाळेत शिकवण्याची गरज नाही. कुल आणि प्रजाती कळली तरी व्यवहारातील बहुतेक प्रश्न सुटतात, आणि त्याचे उदाहरण पुढच्याच पत्रात आहे.

प्रश्न : आमच्या गोठ्यातील जनावरांना लाळ्या-खुरकुताची लस वेळेवर दिली होती, तरी लम्पी आला. उरलेल्या जनावरांना डॉक्टरांनी शेळ्यांच्या देवीची लस टोचली. गाईला शेळीची लस कशी चालते? आणि लाळ्याची लस लम्पीवर का चालली नाही? — एक दूध उत्पादक, हुक्केरी तालुका

उत्तर : डॉक्टरांनी केले ते योग्यच होते. कोणत्या प्राण्याला रोग होतो हे पाहून लस निवडायची नसते. विषाणूचे कूळ पाहावे लागते.

लाळ्या-खुरकुताचा विषाणू पिकॉर्नाव्हिरिडी या कुलातला, म्हणजे पोलिओच्या नात्यातला आहे. जेमतेम ३० नॅनोमीटरचे विंशतिफलक कवच, त्यावर आवरण नाही, आत सुमारे ८,४०० न्यूक्लिओटाइडांचा एकेरी आरएनए. आरएनएची नक्कल करणारे विकर चुका तपासत नाही, त्यामुळे विषाणूचे बाह्य रूप सतत बदलत राहते. जगात त्याचे सात प्रकार नोंदले गेले आहेत आणि एका प्रकाराची लस दुसऱ्यावर चालत नाही. आपल्याकडील लशीत ओ, ए आणि आशिया-१ हे तीन प्रकार एकत्र घातलेले असतात, त्याचे कारण हेच. ती दर सहा महिन्यांनी द्यावी लागते.

लम्पीचा विषाणू पॉक्सव्हिरिडी कुलातला. विटेसारख्या आकाराचा, सुमारे ३०० नॅनोमीटर लांब, आत दीड लाख न्यूक्लिओटाइड-जोड्यांच्या आसपास दुहेरी डीएनए. लाळ्याच्या विषाणूशी त्याचे ना आकारात साम्य, ना आतील द्रव्यात. तेव्हा त्या लशीने शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे (विषाणूला ओळखून अडवणारी प्रथिने) लम्पीला ओळखतील, ही अपेक्षाच करता येत नाही. याउलट लम्पी, शेळ्यांची देवी आणि मेंढ्यांची देवी हे तिघेही कॅप्रिपॉक्स या एकाच प्रजातीतले असून त्यांची डीएनए जवळजवळ सारखी आहे. एकाची ओळख पटली की शरीर बाकीच्या दोघांनाही ओळखते. भारतात लम्पी प्रथम २०१९ मध्ये ओडिशात आढळला. २०२२ मध्ये बेळगावसह उत्तर कर्नाटकात आणि पश्चिम महाराष्ट्रात साथ उसळली, जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले, तेव्हा हाताशी असलेली शेळ्यांच्या देवीची लस कामी आली ती या नात्यामुळेच.

बेळगावकरांना ही युक्ती नवी वाटण्याचे कारण नाही. टिळकवाडीतील ज्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर आज सभा आणि प्रदर्शने भरतात, तेथे एके काळी माणसांच्या देवीची लस वासरांच्या कातडीवर वाढवली जात असे. त्या लशीत देवीचा विषाणू नव्हताच. ऑर्थोपॉक्स या त्याच प्रजातीतला व्हॅक्सिनिया नावाचा सौम्य नातेवाईक होता. १७९६ मध्ये जेनर यांनी गाईच्या देवीने माणसाची देवी अडवली ती याच नात्याच्या आधारे, आणि १९८० मध्ये देवी रोग जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. मात्र हे नाते कुलापेक्षा प्रजातीच्या पातळीवर पाहावे. माणसांच्या देवीची प्रजाती लम्पीहून वेगळी आहे. लम्पी माणसाला होत नाही, आणि लम्पीच्या साथीत दूध उकळून पिण्यास हरकत नसते.

गोठ्याची सफाई करताना एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. लम्पीच्या विषाणूला स्निग्ध आवरण आहे, त्यामुळे जंतुनाशके त्याच्यावर चालतात. परंतु गाठींवरून पडलेल्या वाळक्या खपल्यांत तो महिनाभरसुद्धा टिकून राहतो. खपल्या गोळा करून जाळाव्यात किंवा पुराव्यात, मगच जमीन धुवावी. माश्या, डास आणि गोचीड यांचा बंदोबस्त वेगळा करावा लागेल.

प्रश्न : कोरोनाच्या काळापासून घरात सॅनिटायझर वापरतो. तरी पावसाळ्यात शेजारी दोघांना कावीळ झाली. सॅनिटायझरने विषाणू मरत नाहीत का? आणि कावीळ ए, बी, सी असे म्हणतात ते एकाच विषाणूचे प्रकार आहेत का? — एक गृहिणी, शहापूर, बेळगाव

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, म्हणजे पहिल्याचे आपोआप मिळेल. ए, बी, सी, डी आणि ई हे पाच विषाणू एकमेकांचे कोणी लागत नाहीत. पाचही यकृतावर हल्ला करतात म्हणून त्यांना एका नावाखाली बसवले गेले आहे. घडणीने पाहिल्यास पाचांची कुळे पाच आहेत. ए हा पोलिओ आणि लाळ्या-खुरकुताच्या कुलातला. बीचे कूळ हेपॅडनाव्हिरिडी, आत अवघ्या ३,२०० न्यूक्लिओटाइडांचा अर्धवट दुहेरी डीएनए. सी हा डेंग्यूच्या कुलातला. ई स्वतंत्र हेपेव्हिरिडी कुलातला. डी तर परावलंबी. त्याला स्वतःचे बाह्य आवरणही तयार करता येत नाही, तो बीचे आवरण उसने घेतो, म्हणून बीची बाधा असलेल्या माणसातच तो वाढतो.

आता आवरणाचे पाहू. अनेक विषाणू पेशीतून बाहेर पडताना तिच्याच पटलाचा तुकडा अंगाभोवती लपेटून घेतात. हे पटल स्निग्ध पदार्थाचे असते, म्हणून साबणाने किंवा साठ-सत्तर टक्के अल्कोहोलने ते विरघळते आणि त्यात रोवलेली प्रथिने निखळताच विषाणू पेशीत शिरण्यास असमर्थ होतो. कोरोना आणि इन्फ्लुएंझा या जातीचे आहेत, त्यामुळे सॅनिटायझर तेथे कामाला आले. हेच आवरण जठरातील आम्ल आणि पित्त यांपुढेही टिकत नाही. म्हणून बी आणि सी हे आवरणवाले विषाणू पाण्यातून पसरत नाहीत, रक्तातून, न उकळलेल्या सुयांतून, आईकडून बाळाला असे जातात. ए आणि ई यांची गंमत अशी की रक्तात असताना ते पेशीपटल पांघरून वावरतात, परंतु पित्तनलिकेतून आतड्याकडे जाताना पित्त ते पांघरूण काढून टाकते आणि विष्ठेतून ते उघड्या प्रथिन कवचानिशी बाहेर पडतात. हे उघडे कवच अल्कोहोलला दाद देत नाही आणि सांडपाण्यात दीर्घकाळ टिकते. पावसाळ्यात गटाराचे पाणी फुटलेल्या नळात शिरले की ही कावीळ गल्लीच्या गल्ली धरते. १९५५-५६ मध्ये दिल्लीत पाणीपुरवठ्यात सांडपाणी मिसळून कावीळीचे सुमारे २९,००० रुग्ण झाले होते. तो विषाणू ई होता, हे पुढे साठवलेल्या नमुन्यांवरून कळले.

तेव्हा स्वयंपाकघरात सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नका. शौचाहून आल्यावर आणि स्वयंपाकापूर्वी वाहत्या पाण्याखाली साबणाने हात चोळावेत, कारण येथे साबण विषाणूला मारत नसला तरी हातावरून सोडवून वाहून नेतो. पिण्याचे पाणी खळखळ उकळावे. घरात गरोदर बाई असेल तर विशेष जपावे. शेवटच्या तीन महिन्यांत ई कावीळ जिवावर बेतू शकते.

आणि एक, कावीळ उतरवण्यासाठी माळ घालण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. ए आणि ई बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरतात, म्हणून माळेला यश येते. बी आणि सी काहींच्या शरीरात वर्षानुवर्षे मुक्काम करून यकृत पोखरतात. कोणती कावीळ आहे हे डोळ्यांच्या पिवळेपणावरून ओळखता येत नाही. रक्त तपासावेच लागते.

प्रश्न : आमच्या भागात जंगलात माकड मेलेले दिसले की माकडतापाची चर्चा सुरू होते. हा डेंग्यूचाच प्रकार आहे, असे काही जण म्हणतात. डेंग्यू आणि चिकुनगुन्या एकाच डासाने होतात, म्हणजे हे तिन्ही एकाच कुलातले का? — एक वाचक, कणकुंबी परिसर, तालुका खानापूर

उत्तर : माकडताप आणि डेंग्यू एकाच कुलातले, चिकुनगुन्या निराळ्या. वाहक कोण यावरून कूळ ठरत नाही.

माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये आपल्याच राज्यात, शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात सापडला; माकडे मरू लागल्यावर पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तो वेगळा केला. त्याचा प्रसार गोचिडीमार्फत होतो. डेंग्यूचा एडिस डासामार्फत. तरीही दोघे फ्लॅव्हिव्हिरिडी कुलातील एकाच प्रजातीचे आहेत: ५० नॅनोमीटरचा गोल कण, आत सुमारे ११,००० न्यूक्लिओटाइडांचा सुलटा आरएनए, आणि आवरणावर काटे उभे नसून १८० प्रथिने जोडी-जोडीने पृष्ठभागावर आडवी निजलेली, त्यामुळे परिपक्व कण जवळजवळ गुळगुळीत दिसतो. चिकुनगुन्याला डेंग्यूचाच डास लागतो, परंतु त्याचे कूळ टोगाव्हिरिडी आणि त्याच्या पृष्ठभागावर ८० तिहेरी काटे असतात.

या नात्याचा एक व्यवहारी परिणाम आहे. डेंग्यू-माकडतापाच्या प्रजातीतील विषाणूंची ठेवण इतकी सारखी असते की एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे चाचणीत दुसऱ्यालाही प्रतिसाद देऊ शकतात. जंगलात जाणाऱ्या माणसाला ताप आला आणि डेंग्यूची प्रतिपिंड चाचणी सकारात्मक आली, तर तेवढ्यावर थांबू नये. आपण जंगलात गेलो होतो, गोचीड चावली होती, हे डॉक्टरांना सांगावे, म्हणजे विषाणूचा आरएनए शोधणारी चाचणी करता येईल. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गात हा आजार आढळला आहे आणि दोन्ही भाग आपल्या घाटाला लागूनच आहेत. मेलेल्या माकडाला हात न लावता आरोग्य खात्याला कळवावे. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी खाली उतरून आसपास पसरतात.

प्रश्न : सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान विषाणू कोणता? — एक महाविद्यालयीन विद्यार्थी, चिकोडी

उत्तर : मोठ्यांत मिमीव्हायरसचे नाव घ्यावे लागेल. १९९२ मध्ये इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या एका शीतक मनोऱ्याच्या पाण्यात तो सापडला तेव्हा आकारामुळे जिवाणूच समजला गेला होता. २००३ मध्ये तो विषाणू असल्याचे जाहीर झाले. त्याचे कवच सुमारे ४०० नॅनोमीटरचे आणि डीएनए बारा लाख जोड्यांचा आहे. २०१३ मध्ये वर्णन झालेला पँडोराव्हायरस त्याहून मोठा, सुमारे एक मायक्रोमीटर लांबीचा, साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसेल एवढा.

लहानाचे टोक गाठायचे तर विषाणूची हद्द ओलांडावी लागते. १९७१ मध्ये डायनर यांनी बटाट्याच्या एका रोगाचे कारण शोधताना व्हायरॉइड हा प्रकार दाखवून दिला. त्याला कवच नाही, आवरण नाही, एकाही प्रथिनाची कृती नाही. केवळ ३५९ न्यूक्लिओटाइडांचे उघडे आरएनएचे कडे, तरीही झाड खुरटते आणि बटाटे चात्यासारखे लांबट होतात. वर्गीकरण समितीने व्हायरॉइडांनाही कुले आणि प्रजाती नेमून दिल्या आहेत. बेण्याचे बटाटे कापताना एका रोगट बटाट्याचा रस सुरीला लागून तो पुढच्या बेण्यात जातो, म्हणून सुरी अधूनमधून ब्लीचिंगच्या द्रावणात बुडवून घ्यावी लागते.